हिब्रू नावाची गुहा : 'उगम' शोधायचा म्हणजे नेमकं काय शोधायचं?



पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये 'उगम' हा शब्द फार सहज लिहिला जातो. अमुक समाजाचा उगम, तमुक प्रथेचा उगम, या नदीखोऱ्यातल्या गाळाचा उगम. मग समितीसमोर बसलं की पहिलाच प्रश्न येतो, "उगम म्हणजे नक्की कशाचा?" आणि बरेच जण तिथेच अडखळतात. म्हणून आज एक असं उदाहरण घेऊ ज्यात हा एकच शब्द तीन वेगवेगळे प्रश्न पोटात घेऊन बसलाय.

त्याआधी आपल्या घरचं उदाहरण बघा. सोलापूर म्हणजे सोळा गावांचं पूर, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण कल्याणीच्या कलचुरींच्या काळातल्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या शिलालेखांत या गावाचं नाव 'सोन्नलगे' असं येतं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके 1238 च्या संस्कृत लेखात ते 'सोनलीपूर' आहे. किल्ल्यातल्या एका लेखात 'सोनलपूर', तर तिथल्याच विहिरीवरच्या लेखात 'संदलपूर'. म्हणजे 'सोळा' हा अर्थ नंतर आला. आधीच्या नावाचा अर्थ लोकांना लागेना, तेव्हा ऐकू येणाऱ्या आवाजाला त्यांनी आपल्या ओळखीचा अर्थ दिला.

यातून पहिला धडा असा, की नाव ऐकून आपल्याला सुचलेला अर्थ हा पुरावा नसतो. ती फक्त सुरुवात असते.

गुहा कुठली?

इस्रायलमध्ये हैफा नावाचं बंदर आहे. तिथे कर्मेल डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राच्या बाजूला एक गुहा आहे. हिब्रूत तिला 'मआरत एलियाहू' म्हणतात. 'मआरा' म्हणजे गुहा आणि एलियाहू म्हणजे मराठी बायबलमधला एलीया संदेष्टा. त्याच्या नावाचा अर्थ 'याह्वे हाच माझा देव' असा होतो.

तुम्ही म्हणाल, हैफाच्या गुहेचं सोलापुरात काय काम? काम आहे, कारण याच एलियाहूच्या नावाची एक जागा आपल्या महाराष्ट्रातही आहे. अलिबागजवळ खंडाळे-सागाव परिसरात एका कातळावर काही खुणा आहेत. (हे लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे.) कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची श्रद्धा अशी, की एलियाहू संदेष्टा इथे प्रकट झाला, इथूनच तो स्वर्गात गेला आणि त्या खुणा त्याच्या रथाच्या-घोड्यांच्या आहेत. या जागेला 'एलियाहू हन्नबीचा टापा' म्हणतात. हे नाव निम्मं हिब्रू आहे, निम्मं मराठी. 'ह' हे हिब्रूतलं निश्चयवाचक उपपद, 'नबी' म्हणजे संदेष्टा, आणि 'टापा' ऐकलं की मराठी कानाला घोड्याची टापच आठवते.

हैफाची गुहा आणि अलिबागचा कातळ या दोन्ही जागांच्या बाबतीत 'उगम काय?' असं विचारलं, तर प्रत्यक्षात आपण तीन प्रश्न विचारत असतो:

1. ही जागा कशी तयार झाली?
2. माणसं इथे श्रद्धेने कधीपासून येऊ लागली?
3. हे नाव तिला कधी आणि कुणी दिलं?

तिन्हींची उत्तरं वेगळी, तिन्हींचे पुरावे वेगळे आणि ते तपासणारी शास्त्रंही वेगळी. आता एकेक बघू.

पहिला प्रश्न : दगड

कर्मेलचा डोंगर मुख्यतः चुनखडक आणि डोलोमाइटचा आहे. डायनासोरांच्या काळात, म्हणजे क्रेटेशियस कालखंडात, हा भाग समुद्राखाली होता आणि तिथे हे थर साचले. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनतं. हे पाणी चुनखडकाच्या भेगांत शिरतं आणि हजारो वर्षं त्याला विरघळवत राहतं. भेगेची फट होते, फटीची पोकळी होते. अशा प्रदेशात गुहा तयार व्हायला माणसाची गरज नसते. एलियाहूच्या गुहेत मात्र माणसाचा हातही स्पष्ट दिसतो. मुख्य दालन सुमारे 14 मीटर लांब, 8 मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच आहे. ते जवळपास आयताकृती आहे आणि भिंती तासून सरळ केलेल्या आहेत.

आपल्याकडचा दगड वेगळा. सोलापूर काय, अलिबाग काय, खाली सगळा दख्खनचा काळा बसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. बसाल्ट चुनखडकासारखा पाण्यात विरघळून मोठ्या गुहा होत नाहीत. म्हणून महाराष्ट्रातल्या प्रसिद्ध गुहा, अजिंठा, वेरूळ, कार्ले, कान्हेरी, या छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या लेण्या आहेत.

पण बसाल्टवर खुणा मात्र नाना तऱ्हांनी उमटतात. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात. त्या तड्यांत पाणी मुरून कडा झिजतात आणि लांब समांतर खोबणी दिसू लागतात. लाव्हा वाहताना त्याच्या पृष्ठभागावर दोरखंडासारखे पीळ पडतात. शिवाय एकाच वाटेने वर्षानुवर्षं बैलगाड्या गेल्या तर चाकोरी पडते, ती वेगळीच.

समजा तुम्हाला एखाद्या कातळावरच्या खुणांचा अभ्यास करायचा आहे. मग काय कराल? खोबणींची दिशा कंपासने मोजायची आणि परिसरातल्या तड्यांच्या दिशेशी ताडून बघायची. दोन्ही जुळल्या तर नैसर्गिक कारणाकडे झुकायचं. दोन खोबणींमधलं अंतर सगळीकडे सारखं असेल तर चाकांचा विचार करायचा. भिंगाखाली छिन्नीचे घाव दिसतात का ते पाहायचं. आणि जागा श्रद्धेची असेल तर नमुना फोडून आणायचा नाही. सगळ्या बाजूंनी फोटो काढून त्रिमितीय प्रतिकृती करता येते, आणि तीही तिथल्या लोकांची परवानगी घेऊनच.

इतकं करून हाती काय येतं? खुणा कशा पडल्या याचं उत्तर येतं. त्यांना एलियाहूचं नाव का मिळालं, याचं उत्तर दगडात नसतं.

दुसरा प्रश्न : वापर

हैफाच्या गुहेच्या भिंतींवर दोनशेच्या आसपास लेख कोरलेले आहेत. बहुतेक ग्रीक भाषेत, रोमन आणि त्यानंतरच्या काळातले. आलेल्या माणसांनी आपली नावं कोरून ठेवलीत. गडावर गेल्यावर भिंतीवर नावं कोरणारे आपले लोक आठवा. वारसा म्हणून ती गोष्ट वाईटच, पण दोन हजार वर्षांनी तीच पुरावा होऊन बसते! भाषा कुठली, अक्षरांचं वळण कुठल्या शतकातलं, नावं कुठल्या धर्माच्या लोकांची, हे त्यावरून कळतं.

या लेखांच्या आधारे काही संशोधकांचं मत असं आहे, की ही गुहा आधी कर्मेलच्या एखाद्या स्थानिक देवतेचं ठाणं असावी. त्याला जोड देणारा एक लिखित पुरावाही आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो, की सम्राट होण्याच्या थोडं आधी, इ.स. 69 च्या सुमारास, व्हेस्पेशियनने कर्मेलवर बळी अर्पण करून कौल घेतला होता. तिथे देवाची मूर्ती नव्हती, देऊळही नव्हतं. होती फक्त वेदी. अर्थात टॅसिटस डोंगराबद्दल बोलतोय, या गुहेबद्दल नाही. हा फरक सिनॉप्सिसमध्ये विसरायचा नाही. कर्मेलवर उपासना होती, याला हा पुरावा चालतो. ती याच गुहेत होती, याला चालत नाही.

पुढे अरबी बोलणारे लोक या गुहेला 'अल-खद्र' म्हणू लागले. खद्र म्हणजे आपल्याकडचा ख्वाजा खिज्र. लोकपरंपरेत खिज्र आणि एलिया यांची सांगड खूप ठिकाणी घातलेली आढळते. 1948 पर्यंत गुहेची व्यवस्था मुस्लिम वक्फकडे होती. ज्यू, ख्रिस्ती, मुस्लिम, द्रुझ असे सगळेच तिथे येत आलेत. जागा एकच, नावं अनेक.

तिसरा प्रश्न : नाव

आता मूळ ग्रंथाकडे जाऊ. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात, 18 व्या अध्यायात, एलियाहूचा कर्मेलवरचा प्रसिद्ध प्रसंग आहे. बआलच्या पुजाऱ्यांना तो आव्हान देतो आणि आकाशातून अग्नी उतरतो. पण त्या प्रसंगात एलियाहू कुठल्याच गुहेत नाही. तो गुहेत मुक्काम करतो ते पुढच्या, 19 व्या अध्यायात, आणि ती गुहा होरेब डोंगरावर आहे, कर्मेलपासून कितीतरी दक्षिणेला. अग्निरथातून तो स्वर्गात जातो ती कथा राजांच्या दुसऱ्या पुस्तकात येते आणि ती घडते यार्देन नदीच्या काठी.

म्हणजे 'कर्मेल', 'गुहा' आणि 'रथ' हे तीन धागे ग्रंथात तीन ठिकाणी आहेत. लोकस्मृतीने ते हवे तसे एकत्र विणले. हैफात कर्मेल आणि गुहा जुळली. अलिबागला रथ आणि कातळ जुळला.

मग हैफाच्या गुहेचं नाव किती जुनं? 1170 च्या आसपास तुदेलाचा बेंजामिन नावाचा ज्यू प्रवासी त्या भागातून गेला. कर्मेलवर एलियाहूची गुहा असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे बाराव्या शतकात ते नाव नक्की होतं. एलियाहूचा काळ मानला जातो इ.स.पू. नववं शतक. मध्ये दोन हजार वर्षांचं अंतर! शिवाय कर्मेलवर त्याच्या नावाची आणखी एक गुहा आहे, वरच्या बाजूला, कार्मेलाइट पंथाच्या मठात. बेंजामिनने सांगितलेली गुहा या दोन्हींपैकी कुठली, हा प्रश्न उरतोच. कारण नावाला पाय असतात, ते एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाऊ शकतं.

आपल्याकडे याचं ठळक उदाहरण म्हणजे नाशिकची पांडवलेणी. नाव पांडवांचं. आतले शिलालेख मात्र क्षहरात आणि सातवाहन काळातले. नहपानाचा जावई उषवदात आणि गौतमी बलश्री यांनी बौद्ध भिक्षूंना दिलेल्या दानाचे. त्या लेखांत डोंगराचं नाव 'त्रिरश्मी' आहे, पांडव नाहीत. पांडवांचं नाव नंतरच्या लोकांनी दिलं. म्हणून ते नाव खोटं म्हणायचं का? नाही. ते नाव पुरावाच आहे, पण नाव देणाऱ्या लोकांबद्दलचा. लेणी कोरणाऱ्यांबद्दल ते काही सांगत नाही.

आता अलिबागचा टापा

बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज असलेलं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे हे लोक कोकणात तेल गाळण्याचा धंदा करू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं 'शनिवार तेली'. आडनावं गावांवरून आली: किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. घरातली बोली मराठी.

त्यांच्या सणांची जुनी नावं बघा. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ज्यू विश्वकोशात नोंदलेली आहेत. खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा. सगळी चक्क मराठी घरातली. त्या यादीत एक नाव वेगळं उठून दिसतं: 'एलियाहू हन्नबीचा उरूस'. हा उरूस शेबात महिन्याच्या पंधराव्या दिवशी असतो. एलियाहूच्या नावाने मलिदा केला जातो: गुळाचे गोड पोहे, ओलं खोबरं, फळं.

'उरूस' आणि 'मलिदा' हे शब्द सोलापूरच्या माणसाला शिकवायला नकोत. दर्ग्याचा उरूस आपल्या गावोगावी असतो, आणि चपाती कुस्करून गूळ-तूप घातलेला मलिदाही. उरूस मूळचा अरबी, मलिदा फारसी. म्हणजे एकाच उत्सवाच्या नावात संदेष्टा हिब्रू, उत्सव अरबी, नैवेद्य फारसी आणि विभक्ती प्रत्यय मराठी!

हे नाव आलं कुठून? तीन शक्यता मांडता येतात.

*पहिली*, ते पूर्वजांसोबतच आलं. तसं असेल तर शिकलेल्या वर्गाशी संबंध न आलेल्या दूरच्या गावांतही ते सापडायला हवं, थोड्या झिजलेल्या उच्चारात.

*दुसरी*, ते नंतरच्या शिक्षकांनी आणलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनचे ज्यू, मग बगदादी ज्यू आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्याकडून हिब्रूचं शिक्षण कोकण-मुंबईत पोचलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 चं आहे. जॉन विल्सनने मराठीतून हिब्रू व्याकरण 1832 मध्ये छापलं. ही शक्यता खरी असेल तर नावाचा उच्चार शिक्षकांच्या उच्चाराशी जुळायला हवा. इथे एक गंमत आहे. आजच्या हिब्रूत 'नावी' म्हणतात, कोकणात 'नबी'. हा 'ब' बगदादी ज्यूंच्या उच्चारातही आहे आणि उर्दू-मराठीतल्या 'नबी' या शब्दातही. एकच व्यंजन, दोन वाटा.

*तिसरी*, कातळ आधीपासूनच लोकमान्य होता आणि त्याला हे नाव नंतर चढलं, पांडवलेण्यांसारखं. तसं असेल तर आसपासच्या इतर समाजांत त्याच कातळाची दुसरी कथा किंवा दुसरं नाव मिळायला हवं.

बघा, प्रत्येक शक्यतेसोबत 'ती खरी असेल तर काय सापडायला हवं' हे लिहिलं की ती गृहीतक होते. ते लिहिलं नाही तर ती नुसती गप्प राहते. आणि तिन्ही शक्यता थोड्या थोड्या खऱ्या असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

डीएनए सांगेल की!

हल्ली उगमाचा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच. 2016 मध्ये बेने इस्रायलांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 18 जणांच्या नमुन्यांवरून त्यात दिसलं, की या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीय लोकांचा, दोन्हींचा वारसा आहे, आणि हा मिलाफ साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा असावा. महत्त्वाचं काम आहे. पण नीट वाचा. मिलाफ कधी झाला हे कळलं. पूर्वज किनाऱ्यावर कधी उतरले ते यातून थेट कळत नाही, कारण येणं आधी आणि मिसळणं बरंच नंतर असू शकतं. कातळाचं नाव तर जनुकात नसतंच. कुठलंही साधन त्याला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं.

एवढी काटेकोर भाषा कशाला?

कारण 'उगम' हा शब्द माणसांना लागतो. भारतातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्या बाबतीत तिथल्या मुख्य रब्बींनी 1962 मध्ये आदेश काढला, की लग्नाआधी त्यांची वंशावळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावी. पिढ्यान् पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना विचारलं जात होतं, तुम्ही नक्की ज्यू का? लोक रस्त्यावर उतरले, धरणी-उपोषणं झाली. शेवटी ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यूच आहेत. त्यांचे लोक आज हैफाच्या त्या गुहेतही मलिदा घेऊन जातात. कोकणातला नैवेद्य कर्मेलच्या चुनखडकात पोचलाय.

उद्या कुणी संशोधक घाईने लिहून बसला की 'टापा हे नाव अलीकडचं, म्हणून परंपरा बनावट', किंवा उलट 'नाव हिब्रू, म्हणून समाज दोन हजार वर्षं जुना हे सिद्ध', तर दोन्ही वाक्यं तर्काने चुकीची आहेत आणि दोन्हींची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

- शीर्षकात 'उगम' असेल तर लगेच खाली एका ओळीत लिहा: जागेचा, वापराचा की नावाचा?
- नावाचा सगळ्यात जुना *लिखित* उल्लेख शोधा. तो नावाच्या वयाची खालची मर्यादा सांगतो. नाव त्याहून जुनं असू शकतं, नवं नाही.
- त्या उल्लेखातली जागा आणि आजची जागा एकच आहे का, हे वेगळं तपासा.
- प्रत्येक गृहीतकापुढे 'खरं असेल तर काय मिळेल, खोटं असेल तर काय मिळेल' असे दोन रकाने करा.
- परंपरा सांगणाऱ्याला खोटं पाडायला जाऊ नका. ती कुणी, कधी, कुठल्या शब्दांत सांगितली, हे जसंच्या तसं नोंदवा. तोही तुमचा डेटाच आहे.

सुरुवात करायला हैफाला किंवा अलिबागला जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात अशा नावांचे ओढे, टेकड्या, विहिरी आणि कातळ भरपूर आहेत. एक निवडा, वहीत तीन रकाने आखा आणि कुठला रकाना रिकामा राहतो ते बघा. तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुधा त्या रिकाम्या रकान्यातच असतो.